ज्येष्ठता यादीतलं पहिलं नाव

मी चौथी पास आहे आणि वाळवलेल्या झाडांच्या कामातली उत्कृष्ट प्रशिक्षणार्थी आहे. दोन्हींचे कागद माझ्याकडे आहेत. त्यातला चौथीचा कागद खरा आहे.

माझा नवरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागात शिपाई होता. तो गेला आणि अनुकंपा म्हणून त्याच्या जागी मला घेतलं. म्हणजे माझी निवड माझ्या गुणांवर झाली नाही, त्याच्या हृदयाच्या झटक्यावर झाली. ही गोष्ट मी नोकरीभर विसरले नाही असं सांगायला बरं वाटेल, पण मी ती पहिल्या सहा महिन्यांतच विसरले. नंतर मला वाटायला लागलं की विभाग माझ्यामुळेच चालतो. किल्ल्या माझ्याकडे, साहेब लोक कुठे आहेत ते मला ठाऊक, आणि नवीन आलेल्या प्राध्यापकाला कोणत्या टेबलावर फाईल ठेवली की ती हलते हे मीच सांगायची.

प्राध्यापकांना सारखं कसलं ना कसलं शिक्षण चालू असे. उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग, क्षमता विकास. एकदा तर माणसातली हुशारी कशी ओळखायची आणि ती कशी वाढवायची यावर दोन दिवस व्याख्यानं झाली. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी होते. आत कोणी सांगत होतं की योग्य माणूस योग्य जागी बसला पाहिजे. मला ते पटलं. फक्त तो माणूस मीच आहे असं मी धरून चालले होते, आणि जागा म्हणून मला पहिल्या रांगेतली खुर्ची दिसत होती. सगळ्यांना निळ्या पिशव्या मिळाल्या होत्या, आत वही, पेन आणि पाण्याची बाटली. दुसऱ्यांच्या विकासाचा चहा मी इतकी वर्षं वाहिला, पण मला एक पिशवी कधी कोणी दिली नाही. उरलेल्या पिशव्या मोजून कपाटात ठेवायचं काम मात्र माझंच.

आता बागेतल्या बाईबद्दल सांगते, कारण गोष्ट तिची आहे. मी तिच्यात फक्त आडवी आले.

ती यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची पावरा आदिवासी बाई. आश्रमशाळेत दहावी झालेली. नवऱ्याबरोबर मजुरीला जळगावात आली आणि विभागाच्या बागेत रोजंदारीवर लागली, झाडांना पाणी घालायला. पण तिची नजर काही वेगळीच होती. विद्यार्थी रानातून झाडं आणत आणि नावांसाठी पुस्तकं उलटत बसत. ही पाण्याचा पाइप हातात धरून जाता जाता सांगायची, "हे ते नाही, हे त्याच्या भावकीतलं. पानाच्या मागं लव पाहा." पुस्तक उघडून पाहिलं की तिचंच खरं निघे. हळूहळू विभागप्रमुख मॅडमनी तिला आतल्या खोलीत घेतलं. त्या खोलीला हर्बेरियम म्हणतात. तिथे झाडाच्या फांद्या रद्दी पेपरात दाबून वाळवतात, जाड कागदावर चिकटवतात आणि खाली नाव, गाव, तारीख लिहून ठेवतात. पेपर रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी येते. ती सुट्टीच्या दिवशीही येऊन पेपर बदलायची. झाड आणायची तीच, पण कागदावर "गोळा करणार" म्हणून नाव साहेब लोकांचं लागायचं. रोजंदारीवरच्या बाईचं नाव लिहायला त्या कागदावर जागा नव्हती, असं सगळे धरून चालले होते. मीही.

मला तिचा राग यायचा. ती माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, रोजंदारीवरची, आणि दहावी पास. मॅडम तिला "अहो, जरा इकडे या ना" म्हणायच्या आणि मला "चहा" म्हणायच्या.

माझ्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते तेव्हा ते पत्र आलं. धुळ्याच्या एका कॉलेजात हर्बेरियमच्या कामाचं पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या विकासासाठी, प्रत्येक विभागातून एक जण. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून बसायला सांगितलं. मॅडम बसायला सांगतात तेव्हा काहीतरी मागायचं असतं, एवढं मला कळत होतं.

"अक्का, नाव ज्येष्ठता यादीनं जातं," त्या म्हणाल्या. "आपल्या विभागात चतुर्थ श्रेणीत पहिलं नाव तुमचं आहे."

"हो मॅडम."

"पण तुम्ही मे अखेर निवृत्त होताय."

"हो मॅडम."

"तर तुम्ही एवढं लिहून द्या, की जाण्यास इच्छुक नाही. मग मी टिपण लिहून बागेतल्या बाईंना पाठवू शकते. हर्बेरियमच्या सहायकाची जागा निघणार आहे. तिला हे प्रमाणपत्र लागेल. येत्या एप्रिलनंतर तिचं वय अटीत बसत नाही."

सगळं इतकं स्पष्ट सांगितलं होतं. मला समजलं नाही असं मी आज म्हणू शकत नाही. पण जागा निघणार, जागा निघणार, हे मी त्या इमारतीत नवऱ्याच्या काळापासून ऐकत होते. तेव्हा ते मी कानाआड केलं आणि उरलेल्या दोन गोष्टी मनात धरल्या. पहिली म्हणजे पिशवी. दुसरी म्हणजे आम्हा शिपायांचा कायदा. नवऱ्यानं मला नोकरीचं एकच शिक्षण दिलं होतं, तेही नोकरी मला लागायच्या आधी: साहेब काही सांगू दे, मान हलव, पण लिहून काही देऊ नको. लिहून दिलेला कागद फाईलीत जाऊन बसतो आणि निवृत्तीच्या वेळी बरोबर बाहेर येतो. अमक्या ड्रायव्हरनं एकदा नकार लिहून दिला आणि त्याचं पेन्शन दोन वर्षं अडकलं, अशा गोष्टी आम्ही एकमेकांना सांगायचो. तो ड्रायव्हर कोणी पाहिलेला नव्हता.

"मॅडम, मी जाणार," मी म्हणाले.

"अक्का, तिथे काय करणार तुम्ही?"

"विकास."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. नियम माझ्या बाजूनं होता. त्यांना दुसरा इलाज नव्हता.

मी बाहेर आले तर बागेतली बाई दाराजवळच होती, ओल्या पेपरांचा गठ्ठा घेऊन. तिनं ऐकलं होतं.

"जा अक्का," ती म्हणाली. "धुळ्याला थंडी पडू राह्यली. स्वेटर घेऊन जा."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते आणि भांडणात जिंकले असते. स्वेटरशी भांडता येईना, म्हणून मी तो बांधून घेतला.

जळगावहून धुळ्याच्या एसटीत पारोळा लागतं. माझं माहेर तिथलंच, दोन कोसांवरचं खेडं. स्टँडवर गाडी थांबली तेव्हा माझी वहिनी भाकरी घेऊन आली होती. मी मुद्दाम तिला सांगून ठेवलं होतं, नाहीतर कळणार कसं की मी प्रशिक्षणाला निघाले आहे.

"आते या वयमा काय शिकनार शे तू?" वहिनी खिडकीतून म्हणाली. आते म्हणजे आमच्या अहिराणीत आता.

"मना नंबर पहिला शे," मी म्हणाले.

"मरानामा बी तुना नंबर पहिला ऱ्हाई," ती म्हणाली आणि डबा आत दिला. गाडीतली माणसं हसली.

धुळ्याला वर्गात गेले आणि बसायच्या आधीच मला कळलं की माझ्यासारखी कल्पना बऱ्याच जणांना सुचलेली आहे. वीसेक माणसं होती. एकाला निवृत्तीला पाच महिने राहिले होते, एकाला दीड वर्ष. एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तो पाय खुर्चीवर ठेवून बसला होता. झाडं दाबायला वाकता येईल असे चार-पाच जण असतील. सगळे आपापल्या यादीतले पहिले. शिकवणारे सर तरुण होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला, तो त्यांनी लगेच उचलून नीट केला.

पिशवी मिळाली. हिरवी होती. चेन पहिल्याच दिवशी बिघडली.

पहिले दोन दिवस सर पडद्यावर चित्रं दाखवत होते आणि आम्ही अंधाराचा फायदा घेत होतो. मी तर घोरले असं शेजारच्यानं सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बसमध्ये घालून गावाबाहेरच्या टेकड्यांवर नेलं. प्रत्येकानं दहा झाडांच्या फांद्या आणायच्या, दाबायच्या आणि त्यांची स्थानिक नावं सांगायची. शास्त्रातली नावं सर लिहिणार होते.

मी शेतावर वाढलेली बाई. मला वाटलं यात काय आहे. पण शेतावरच्या बाईला कपाशी, ज्वारी आणि उपटायचं तण एवढंच येतं. टेकडीवर उभं राहून पाहिलं तर सगळं हिरवं एकसारखं. कडुनिंब आणि बाभूळ ओळखू आली. रुई ओळखली. चौथ्यावर अडकले. सर म्हणाले होते की कडुनिंब कोणी आणू नका. म्हणजे दोनच झाली.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण एवढं सांगितलं आहे तर हेही सांगते. मी सरांना करंगळी दाखवली, एका मोठ्या दगडाच्या आड गेले आणि बागेतल्या बाईला फोन लावला. तिचा साधा फोन, फोटो पाठवायची सोय नव्हती.

"आते माले मदत कर व," मी म्हणाले.

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"काय दिसू राह्यलं?" ती म्हणाली.

"झाड."

"अक्का, झाड तर मलेही दिसू राह्यलं. पान कसं हाये?"

"हिरवं."

तिनं पाइप खाली टाकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "पान तोडा. देठातून चीक येतो का? येतो? पांढरा? पानं समोरासमोर हायेत का मागं-पुढं? शेंगा लोंबू राह्यल्या का? चोळून वास घ्या. तोंडात घालू नका."

मी चार वेळा दगडामागे गेले. सरांना वाटलं मला मधुमेह आहे. त्यांनी मला सावलीत बसायला खुर्ची दिली. तिच्या सांगण्यावरून मी आठ नावं बरोबर लिहून आणली. आंजन, हिंगणबेट, धावडा, मोई, काळा कुडा, असं करत करत. एका वेलीला मराठीत काय म्हणतात ते तिलाही ठाऊक नव्हतं; तिच्या पाड्यावर जे म्हणतात ते तिनं सांगितलं. मी तेच नाव अशा थाटात सांगितलं की सरांनी वही काढून लिहून घेतलं आणि विचारलं, "अक्का, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"आजीनं," मी म्हणाले. माझी आजी मला कधी काही शिकवून गेली नाही. ती मला धपाटे घालायची.

पाचव्या दिवशी मला उत्कृष्ट प्रशिक्षणार्थी म्हणून वेगळं प्रमाणपत्र दिलं. फोटो काढला. त्यात मी हिरवी पिशवी पोटाशी धरून उभी आहे, चेन उघडी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसानं सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. तो माझ्या शेजारच्या दगडामागे बसून ऐकत होता.

जळगावला परत आल्यावर मी बागेतल्या बाईला विचारलं, "तू मना फोन कसाले उचला? मी तर तुनी जागा खाल्ली."

ती पेपर बदलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही कायपण लिहून दिलं असतं. मग ते कागदावर जाऊन बसलं असतं. चुकीच्या नावाचं झाड कायले ठेवायचं कोणाच्या कपाटात?"

माझ्यासाठी नव्हतंच ते. झाडांसाठी होतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर हायसं वाटलं. उपकार राहिला नाही.

हे हायसं वाटणं दीड महिना टिकलं. मग जाहिरात लागली. हर्बेरियम सहायक, एक जागा, करारावर. दहावी पास, वयाची अट, आणि "हर्बेरियमच्या कामाचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र". सूचना फलकावर ती मीच लावली. लावता लावता वाचली आणि चार टाचण्यांपैकी दोन खाली पडल्या. या वेळी जागा खरोखरच निघाली होती. पुढचं प्रशिक्षण होईपर्यंत तिचं वय गेलेलं असणार होतं. आणि त्या अटीतला कागद माझ्या घरी, देवघराच्या वर, काचेच्या चौकटीत होता.

मी तो चौकटीतून काढून मॅडमकडे नेला. "हा तिला देऊन टाका," मी म्हणाले.

"अक्का, यावर तुमचं नाव आहे."

"खोडा."

मॅडमनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "तुम्हाला बाहेर जायचं असेल तर दार लोटून घ्या," त्या म्हणाल्या.

मग मी आस्थापना विभागात गेले. तिथे सगळे ज्यांना भाऊ म्हणतात ते कारकून आहेत, आमच्या रजा, वेतनवाढी, मरण, सगळं त्यांच्या कपाटात असतं. विद्यापीठातले सगळे नियम त्यांना पाठ आहेत, पण विचारल्याशिवाय ते एकही सांगत नाहीत. मी त्यांच्यासमोर प्रमाणपत्र ठेवलं आणि सगळं सांगितलं. दगडाचंही सांगितलं. ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरच्यांनी खुर्च्या जवळ ओढल्या.

हसून झाल्यावर त्यांनी प्रशिक्षणाचं मूळ परिपत्रक काढलं. "अक्का, परिपत्रकाचा शेवटचा मुद्दा कोणी वाचत नाही. हे बघा. प्रशिक्षण घेऊन आलेल्या कर्मचाऱ्यानं आपल्या विभागातल्या इतरांना ते प्रशिक्षण द्यावं आणि तसं प्रमाणपत्र विभागप्रमुखांच्या सहीनं द्यावं. इतरांना म्हणजे कोणालाही. रोजंदारीवरचे चालणार नाहीत असं कुठे म्हटलेलं नाही."

"म्हणजे मी तिला शिकवायचं?"

"तुम्ही तिला शिकवायचं," भाऊ म्हणाले, आणि पुन्हा हसायला लागले. "पण अक्का, निवड समितीत बाहेरचे तज्ज्ञ येतात. हे प्रमाणपत्र पाहून ते शिकवणारीला आत बोलावतील. काय शिकवलं विचारतील. तेव्हा दगड नसेल."

मॅडमनी ऐकून घेतलं आणि अट घातली. शिकवणं खरोखर झालं पाहिजे, पंधरा दिवस, रोज एक तास, हजेरीच्या वहीसकट. खोट्या कागदावर त्या सही करणार नव्हत्या. तसा वर्ग सुरू झाला. वहीत मी प्रशिक्षक आणि ती प्रशिक्षणार्थी. खोलीचं दार लावून घेतलं की उलटं.

असली कडक मास्तरीण मी पाहिली नाही. आमच्या शाळेतले गुरुजी छडी मारायचे, पण ते निदान मधे तंबाखू मळायला थांबायचे. ही थांबत नव्हती. पेपर कसा घडी करायचा, फांदीचं एक पान उलटं का ठेवायचं (मागची बाजू दिसायला हवी म्हणून), दाबाचे पट्टे किती आवळायचे, डिंक कुठे लावायचा.

"अक्का, हे काय हाये?"

"धावडा."

"मग काल याले सालई कायले म्हणत होत्या?"

"काल चष्मा नव्हता."

"आज तरी कोठे हाये? तो डोक्यावर हाये."

सगळ्यात जास्त माझा जीव दोन कुड्यांनी खाल्ला. पांढरा कुडा आणि काळा कुडा. दोन्हींना पांढरा चीक, दोन्हींची पानं समोरासमोर, दोन्हींना पांढरी फुलं, दोन्हींच्या लांब शेंगा जोडीजोडीनं लोंबतात. एकाच्या दोन शेंगा टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात, दुसऱ्याच्या सुट्ट्या. एकाचं पान वाळलं की काळंनिळं पडतं, दुसऱ्याचं तसं पडत नाही. कोणता कोणता, ते मी घरी भाकऱ्या थापताना घोकत होते. सून म्हणाली, "आई, तुमचं काय चाललंय?" मी म्हणाले, "माझा विकास चाललाय, तू तवा बघ."

पंधरा दिवस संपले. मी प्रमाणपत्रावर प्रशिक्षक म्हणून सही केली. सही करायला मला वेळ लागतो. नवऱ्यानं सांगितलेला कायदा मोडून मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लिहून देत होते, आणि तेही जे मला येत नाही ते मी दुसरीला शिकवलं म्हणून. मॅडमनी खाली सही केली. त्या म्हणाल्या, "अक्का, यातलं काही खोटं असेल तर तुमच्या पेन्शनपर्यंत जाईल." मी म्हणाले, "शिकणं झालंय मॅडम. कोण शिकलं ते कागदावर विचारत नाहीत."

मुलाखतीला सहा जण होते. एक जण बाहेरगावाहून आलेला, पदवीधर, गळ्यात टाय. बागेतली बाई इस्त्रीची साडी नेसून आली होती आणि सारखी नखांतली माती काढत होती. तिच्या हातात दोन कागद होते, दहावीचा आणि माझा. माझ्याकडे पाहून म्हणाली, "काळा चिकटलेला. पांढरा सुट्टा. ध्यानात ठेवा." मी मान हलवली.

भाऊंचं खरं निघालं. ती आत जाऊन पाच मिनिटं झाली आणि मला हाक आली. टेबलामागे चार जण, त्यात मॅडम एका कडेला, तोंड बंद. मधले तज्ज्ञ पांढऱ्या केसांचे होते. ते माझी सही निरखत होते.

"तुम्ही यांना प्रशिक्षण दिलं?"

"हो साहेब."

"तुमचं शिक्षण?"

"चौथी. आणि धुळ्याचं."

त्यांनी टेबलावरचे दोन कागद माझ्यापुढे सरकवले. दोन वाळलेल्या फांद्या चिकटवलेल्या. "हे दोन कुडे. काळा कोणता ते कसं ओळखायला शिकवलंत?"

त्या क्षणी माझ्या डोक्यात काही राहिलं नाही. चिकटलेल्या आणि सुट्ट्या शेंगा डोळ्यांसमोर फिरायला लागल्या. मी छाती पुढे काढली आणि म्हणाले, "साहेब, सुट्ट्या शेंगांचा तो काळा. आणि चिकट—"

"नाही," बागेतली बाई म्हणाली.

खोलीत सगळे तिच्याकडे वळले. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"अक्का चुकू राह्यल्या, साहेब," ती म्हणाली. तिनं कागद स्वतःकडे ओढला. "चिकटलेल्या शेंगांचा काळा. आणि या कागदावर तर शेंगाच नाहीत, म्हणून शेंगेवरून सांगताच येत नाही. पानावरून सांगायचं. हे वाळून निळंकाळं पडलं, हा काळा कुडा. दुसरा पांढरा. आणि यावरचं हे लेबल चुकीचं लावलेलं हाये."

तज्ज्ञांनी कागद उचलला. लेबल वाचलं. मग खिशातून भिंग काढून पुन्हा पान पाहिलं. शेवटी ते मॅडमना म्हणाले, "हे लेबल कोणाच्या हातचं?" मॅडमनी एका प्राध्यापकाचं नाव सांगितलं. तज्ज्ञ माझ्याकडे वळले.

"तुम्ही शिकवलं म्हणता, आणि शिष्या तुम्हालाच चुकीचं ठरवते?"

मी म्हणाले, "साहेब, तेवढं शिकली म्हणजे झालं की."

माझ्या तोंडून बाहेर पडलेलं ते एक वाक्य मला मिरवता येत नाही, कारण ते मी धीटपणानं म्हटलं नव्हतं. सुटका करून घ्यायला म्हटलं होतं. पण ते हसले. म्हणाले, तुम्ही जाऊ शकता. तिला त्यांनी आणखी पाऊण तास आत ठेवली. टाय घातलेल्या मुलानं बाहेर मला विचारलं, "एवढा वेळ काय विचारत असतील?" मी म्हणाले, "आता तीच विचारत असेल."

आठवड्यानं फलकावर यादी लागली, तीही मीच लावली. एकच नाव होतं. ते मी दोनदा वाचलं, कारण त्या वेळी चष्मा खरोखरच डोक्यावर होता. मग बागेत जाऊन तिला सांगितलं. ती पाइप बंद करायला गेली, तिथेच नळाशी बसून राहिली, आणि मी तिच्या शेजारी उभी राहिले. "मी तेव्हाच लिहून द्यायला पाहिजे होतं," एवढं म्हणाले.

"हो, पाहिजेच होतं," ती म्हणाली. "दोन महिने झोप नाही मले. एवढ्या सोप्या गोष्टीले तुम्ही किती फिरवलं, अक्का."

मी वाकून नळ बंद केला.

माझे दोन-अडीच महिने उरले होते. आता हर्बेरियमची खोली तिच्या ताब्यात आणि मी त्याच विभागातली शिपाईण, म्हणजे तिचा चहाही माझ्याकडे. पहिल्या दिवशी मी ट्रे घेऊन आत गेले आणि सवयीनं कप टेबलावर ठेवला. टेबलावर फांद्या चिकटवलेले कागद पसरलेले होते. खालच्या कोपऱ्यात "गोळा करणार" पुढे तिनं स्वतःचं नाव लिहायला घेतलं होतं, शाई अजून ओली होती.

"अक्का," तिनं मान वर केली. "इथं कप ठेवायचा नाही. बाहेर खिडकीत ठेवा, मी येऊन घेते."

मी कप उचलला आणि खिडकीत ठेवला. निवृत्त होईपर्यंत तो रोज तिथेच ठेवला.